वेसण: शरीरातल्या राखणदारांची गोष्ट



करोना येऊन गेल्यापासून एक शब्द आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसला आहे, प्रतिकारशक्ती. आठवडी बाजारात पावडर विकणारा म्हणतो, प्रतिकारशक्ती वाढवा. मोबाईलवर काढ्याची कृती येते, तिच्यातही तेच. जणू प्रतिकारशक्ती म्हणजे कणगीतली ज्वारी, जितकी जास्त तितकं बरं. आज मला जे सांगायचं आहे ते याच्या थोडं उलट आहे. या शक्तीला शरीरानं स्वतःच वेसण घातलेली असते. ती वेसण कुणी आणि कशी शोधली, त्या शोधातून एक भारी महाग औषध कसं निघालं, आणि ते औषध गरिबाच्या आवाक्यात यावं म्हणून आपल्या मुंबईच्या डॉक्टरांनी काय केलं, असा हा साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे. तो येऊन पोचतो तोंडाच्या कर्करोगापाशी. लातूर-नांदेडकडच्या कितीतरी घरांत तंबाखू भाजून मशेरी अजून केली जाते, म्हणून हा इतिहास परका समजू नका.

आधी राखणदारांची ओळख करून घेऊ. रक्तात लाल पेशी असतात तशा पांढऱ्याही असतात. पांढऱ्यांतल्या एका जातीला टी पेशी म्हणतात. शरीरात जंतू शिरला, किंवा आपलीच एखादी पेशी बिघडली, तर तिला हुडकून मारायचं काम यांचं. यांच्या नावातला 'टी' आला थायमस या ग्रंथीवरून. छातीच्या मधल्या हाडामागं ही लहानशी ग्रंथी असते, लेकरांत मोठी आणि वय वाढेल तशी आक्रसत जाणारी. १९६० पर्यंत तिचा काही उपयोग आहे असं कुणाला वाटत नव्हतं. लंडनमध्ये काम करणाऱ्या जॅक मिलर या तरुण डॉक्टरनं नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून टाकली. ती पिल्लं साध्यासाध्या जंतूंनी आजारी पडून मरायला लागली. दुसऱ्या उंदराची कातडी त्यांच्या अंगावर लावली, तर तीही त्यांच्या शरीरानं निमूटपणे ठेवून घेतली. परकं काय नि आपलं काय, हे ओळखणारंच कुणी उरलं नव्हतं. मिलरनं हे १९६१ मध्ये छापलं. ज्या ग्रंथीला सगळे निकामी समजत होते, तीच राखणदारांची शाळा निघाली.

ही शाळा फार कडक आहे. जी टी पेशी आपल्याच शरीरावर दात धरते, तिला तिथंच संपवलं जातं. शिकायला येणाऱ्या शंभरांतल्या नव्वदहून जास्त बाहेर पडतच नाहीत. तरीही काही चुकार पेशी सुटतात आणि रक्तात फिरत राहतात. मग त्या आपल्यावर का उलटत नाहीत? इथून वेसणीचा प्रश्न सुरू होतो.

हा प्रश्न आणखी एका दारानं आला होता, आणि ते दार आपल्या बायकांचं आहे. १९५३ मध्ये पीटर मेदावर या इंग्लंडच्या शास्त्रज्ञानं विचारलं, की पोटातलं लेकरू अर्धं बापाचं असतं, म्हणजे आईच्या शरीराला ते अर्धं परकंच. सख्ख्या भावाचं मूत्रपिंड बसवलं तरी शरीर ते नाकारायला बघतं, मग हे अर्धं परकं लेकरू आईचं शरीर नऊ महिने कसं सांभाळतं? मला विचाराल तर हा प्रश्न एखाद्या सुईणीला आधी पडायला हवा होता. त्याचं उत्तर एकच नाही. पण त्यातला मोठा भाग पुढं कळला तो असा, की वारेपाशी आईच्या टी पेशींना 'थांबा' असं सांगणारे निरोप दिले जातात.

आता हे निरोप पोचतात कसे ते बघू. टी पेशीच्या अंगावर खुंट्या असतात असं समजा. शास्त्रज्ञ त्यांना रिसेप्टर म्हणतात. दुसरी पेशी जवळ आली की तिच्या अंगावरचे आकडे या खुंट्यांत अडकतात, आणि आत निरोप जातो. टी पेशीला कामाला लावायला एक निरोप पुरत नाही, दोन लागतात. पहिला म्हणजे 'हा बघ जंतूचा तुकडा'. दुसरा म्हणजे 'खरंच धोका आहे, चल', आणि हा सीडी-२८ नावाच्या खुंटीवरून जातो. दोन्ही मिळाले की टी पेशी जागी होते आणि वाढायला लागते. एकीच्या दोन, दोनच्या चार, असं करत थोड्याच दिवसांत एकीच्या हजारो होतात. घसा आला की मानेत गाठी लागतात ना, त्या गाठींत हेच चाललेलं असतं.

पण या हजारो पेशी थांबणार कशा? जंतू मेला, काम झालं, तरी त्या मारतच राहिल्या तर?

१९८७ मध्ये फ्रान्समध्ये पिअर गोल्स्टीन यांच्या गटाला टी पेशीवर आणखी एक खुंटी सापडली. तिला नाव दिलं सीटीएलए-४. दिसायला ती सीडी-२८ ची बहीणच, म्हणून बऱ्याच जणांनी धरून चाललं की हिचंही काम पेशीला पळवायचंच असणार. काही वर्षं यावर चांगला वाद झाला. अमेरिकेत जेफ्री ब्लूस्टोन आणि जेम्स ॲलिसन या दोघांच्या प्रयोगशाळांनी १९९४-९५ च्या सुमारास दाखवलं की गोष्ट नेमकी उलटी आहे. टी पेशी कामाला लागली की एक-दोन दिवसांत ही खुंटी वर येते, आणि जो आकडा सीडी-२८ मध्ये अडकायचा तोच स्वतःकडे ओढून घेते. तिची पकडही सीडी-२८ पेक्षा कितीतरी घट्ट. 'चल' चा निरोप तुटतो आणि पेशी मंदावते. ही झाली वेसण.

ती किती गरजेची आहे हे १९९५ मध्ये उंदरांनी दाखवलं. दोन वेगळ्या प्रयोगशाळांनी सीटीएलए-४ नसलेले उंदीर तयार केले. जन्मताना ती पिल्लं धडधाकट होती. पण त्यांच्या टी पेशी वाढतच गेल्या, थांबेनात. काळजात, फुफ्फुसात, स्वादुपिंडात घुसल्या, आणि तीन-चार आठवड्यांत पिल्लं मेली. बाहेरून कुठला रोग आला नव्हता. स्वतःच्याच राखणदारांनी त्यांना मारलं. वेसण नसलेला बैल पेरलेल्या वावरात शिरावा तसं झालं. प्रतिकारशक्ती वाढवण्याची पावडर विकणाऱ्याला ही गोष्ट कधी सांगून बघा.

करोनाचंच घ्या. फुफ्फुसं निकामी झालेल्या कितीतरी रोग्यांत विषाणूइतकंच नुकसान शरीराच्या भडकलेल्या प्रतिकारानं केलं होतं. जून २०२० मध्ये इंग्लंडच्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन नावाचं जुनं, स्वस्त स्टिरॉइड अशा रोग्यांचे जीव वाचवतं असं दिसलं. ते औषध प्रतिकार वाढवत नाही, कमी करतं. फक्त ते प्राणवायू लागणाऱ्या रोग्यांनाच उपयोगी पडलं. साध्या तापाच्या माणसाला ते देण्यात फायदा नव्हता, धोकाच होता. आणि ज्यांची साखर आधीच वाढलेली होती, त्यांच्यातल्या काहींना पुढं काळ्या बुरशीनं गाठलं, हे आपण दुसऱ्या लाटेत बघितलंच आहे.

आता ॲलिसनकडं परत येऊ. टेक्सासमधल्या ॲलिस नावाच्या छोट्या गावात तो वाढला. अकरा वर्षांचा असताना त्याची आई कर्करोगानं गेली. (हा माणूस माउथ ऑर्गनही वाजवतो, बँडमध्ये.) सीटीएलए-४ ही वेसण आहे हे कळल्यावर बाकीचे लोक तिचा उपयोग कुठं करायला निघाले? संधिवातासारख्या रोगांत, जिथं शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं. ते बरोबरच होतं. सीटीएलए-४ चाच तुकडा वापरून केलेलं औषध २००५ पासून आमवाताला दिलं जातं, आणि आमवात बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होतो. ॲलिसनच्या मनात मात्र उलटा विचार आला. कर्करोगाच्या गाठीत टी पेशी पोचलेल्या असतात, पण गप्प बसलेल्या असतात. त्यांची वेसणच सैल केली तर? त्याआधी शंभर वर्षं लोक दुसरंच करत होते. न्यूयॉर्कचा सर्जन विल्यम कोली १८९१ पासून रोग्यांना जंतू टोचत होता, की त्या धक्क्यानं शरीर जागं होईल. पुढं लशी करून बघितल्या. सगळा भर बैलाला चाबूक मारण्यावर होता, वेसण कुणी बघितलीच नव्हती.

१९९४ च्या शेवटी ॲलिसनच्या प्रयोगशाळेत कर्करोगाच्या उंदरांना सीटीएलए-४ झाकून टाकणारा पदार्थ टोचला. गाठी विरून गेल्या. विश्वास बसेना, म्हणून नाताळच्या सुट्टीतच प्रयोग पुन्हा केला. पुन्हा तेच. १९९६ मध्ये हे छापून आलं, पण औषध माणसापर्यंत यायला पंधरा वर्षं गेली. औषध कंपन्यांना लवकर पटेना. २०११ मध्ये अमेरिकेत कातडीच्या एका वाईट कर्करोगासाठी या जातीच्या पहिल्या औषधाला परवानगी मिळाली. चार डोसांची किंमत होती एक लाख वीस हजार डॉलर.

तिकडं जपानमध्ये क्योटोला तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्येच दुसरी वेसण सापडली होती, पीडी-१. ती शोधली त्यांच्या हाताखालच्या यासुमासा इशिदा यांनी. सीटीएलए-४ टी पेशीला सुरुवातीलाच आवरते. पीडी-१ पुढं, प्रत्यक्ष कामाच्या जागी, दमत आलेल्या पेशीला आवरते. हिच्यात अडकणारा आकडा आपल्या चांगल्या पेशी अंगावर लावतात, 'मी आपलीच आहे, मारू नको' असं सांगायला. वारेच्या पेशीही लावतात. लेकराची गोष्ट इथं जुळते. आणि कर्करोगाच्या पेशींनी ही खूण चोरली आहे. बऱ्याच गाठी तोच आकडा अंगावर मिरवतात, आणि मारायला आलेली टी पेशी समोर येऊन थांबते. पीडी-१ झाकणारं निवोलुमॅब हे औषध २०१४ मध्ये आधी जपानमध्ये आणि नंतर अमेरिकेत आलं. २०१८ चं वैद्यकाचं नोबेल ॲलिसन आणि होंजो यांना मिळून दिलं गेलं.

इथपर्यंतचा इतिहास पुस्तकांत सापडतो. पुढचा परळमध्ये घडला.

परळचं टाटा स्मारक रुग्णालय आपल्याकडच्या लोकांना नवं नाही. नांदेडहून नंदीग्रामनं, लातूरहून मुंबई एक्स्प्रेसनं गाठोडं घेऊन निघालेली माणसं तिथं रोज उतरतात. १९४१ मध्ये ते सुरू झालं. तिथले डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४० च्या दशकातच तोंडाचा कर्करोग आणि तंबाखू यांचं नातं मांडलं होतं. त्यांच्याच हाताखाली पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि पुढं मुंबईत पेशी काचेच्या भांड्यात वाढवून अभ्यासायची प्रयोगशाळा उभी केली. एका मराठी बाईनं त्या काळात हे केलं, हे मुलींच्या शाळेत सांगायला हवं. कर्करोगाची पेशी शरीराबाहेर वाढवून बघायची सवय आपल्या राज्यात तेव्हापासूनची आहे.

पण निवोलुमॅब आलं तेव्हा टाटाच्या डॉक्टरांपुढं अवघड प्रश्न उभा राहिला. औषध चांगलं आहे, पण परळच्या फुटपाथवर झोपणाऱ्या रोग्याला त्याचं नाव सांगून काय करायचं? ठरलेला डोस होता दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम, आणि खर्च वर्षाला लाखोंच्या घरात. वावर विकलं तरी थोड्याच दिवसांत पैसे संपायचे, आणि डोस अर्ध्यात तुटायचा.

डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधी पण धीट शंका काढली. एवढा डोस लागतो तरी का? वेसणीची खुंटी झाकायची आहे. ती एकदा झाकली गेली, की त्यावर आणखी औषध ओतून काय मिळणार? सुरुवातीच्या परदेशी चाचण्यांतही अगदी थोड्या डोसात बहुतेक खुंट्या झाकल्या जातात, आणि औषध तिथं आठवडेच्या आठवडे चिकटून राहतं, असं दिसलं होतं. जेवढं औषध वाढवू तेवढा गुण, हा नियम जुन्या केमोथेरपीचा. वेसणीला तो लागू असेलच असं नाही.

म्हणून त्यांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम द्यायचं ठरवलं. हिशेब करा, नेहमीच्या डोसाच्या अठराव्या भागाइतकं. ४० मिलिग्रॅमच्या एका बाटलीत दोन रोग्यांचं भागतं. सोबत घरी घ्यायच्या तीन स्वस्त गोळ्या, मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि अर्लोटिनिब. तोंडाचा, घशाचा कर्करोग उलटून आलेले किंवा पसरलेले १५१ रोगी घेतले. अर्ध्यांना नुसत्या गोळ्या, अर्ध्यांना गोळ्या आणि हा छोटा डोस, अशी चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली. निकाल २०२२ मध्ये जाहीर झाला. नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानंतर शंभरांतले सोळा जिवंत होते. छोट्या डोसावर त्रेचाळीस. बाजूचे त्रास वाढले नाहीत. कर्करोगाच्या डॉक्टरांच्या अमेरिकेतल्या मोठ्या संमेलनात हे मांडलं गेलं आणि तिथल्या नामांकित मासिकात छापून आलं. श्रीमंत देशांत ठरलेला डोस तसाच्या तसा घ्यायचा, की आपल्या रोग्याला परवडेल तेवढ्यात काम होतं का ते आपणच तपासायचं, यातलं दुसरं त्यांनी केलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा भाग नोबेलइतकाच मोलाचा आहे.

आता कुणी म्हणेल, त्रेचाळीस जगले म्हणजे सत्तावन्न गेले. खरं आहे. वेसण सैल करून सगळ्यांच्या टी पेशी उठत नाहीत. काही गाठींत त्या पोचतच नाहीत. हे औषध रोग पसरल्यानंतरचं आहे. तोंडात पांढरा चट्टा, पंधरा दिवसांत न भरणारा व्रण, किंवा तोंड पुरतं न उघडणं, या वेळी तपासलं तर लहान शस्त्रक्रियेवर भागू शकतं आणि ही लढाई लागत नाही.

लवकर तपासण्याचा इतिहासही आपल्या शेजारचाच आहे, आणि त्यातही टी पेशी आहेतच. बार्शीला १९८२ मध्ये ग्रामीण भागासाठी कर्करोगाचं रुग्णालय उभं राहिलं, नर्गिस दत्त यांच्या नावानं. १९८७ पासून तिथं खेड्यांतल्या कर्करोगाची नोंदवही ठेवली जाते, देशातली अशी पहिली. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीचं आणि टाटाचं रुग्णालय आणि परदेशातल्या संस्थेनं मिळून एक चाचणी केली. लातूर १९८२ पर्यंत त्याच जिल्ह्यात होतं हे आठवत असेल. तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायका तिच्यात होत्या. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग एचपीव्ही विषाणूनं होतो. तपासलेल्या बायकांत शंभरांत दहाजणींना तो विषाणू होता. पण त्या दहांतल्या बहुतेकींना कर्करोग होत नाही, कारण त्यांच्या टी पेशी एक-दोन वर्षांत त्याला पुसून टाकतात. जिच्यात तो ठाण मांडून बसतो, तिलाच धोका. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीनं या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये सिद्ध झालं. ज्या गावांतल्या बायकांची तपासणी न करता फक्त तुलनेसाठी नोंद ठेवली, त्यांच्यात ६४ जणी गेल्या. असं करणं योग्य होतं का, यावर पुढं वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. जगभर आज ही तपासणी सुचवली जाते त्यामागं आपल्या भागातल्या या बायकांचा वाटा आहे. हाच कर्करोग पसरलेल्या अवस्थेत असेल तर पीडी-१ झाकणाऱ्या औषधाला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं आहे.

जाता जाता, घरात कुणाला असं वेसण सैल करणारं इंजेक्शन चालू असेल तर त्यांच्यासाठी. या औषधानं केस गळत नाहीत, उलट्या फारशा होत नाहीत, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. पण त्या १९९५ च्या उंदरांची गोष्ट लहान प्रमाणात माणसात होऊ शकते. सारखे जुलाब लागले, धाप लागायला लागली, डोळे पिवळे झाले, अंगावर पुरळ आलं, किंवा नको इतका थकवा आला, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी दवाखान्यात फोन करायचा आणि 'इम्युनोथेरपी चालू आहे' हे शब्द आधी सांगायचे. गावातल्या डॉक्टरांनाही तेच सांगायचं, कारण नुसत्या जुलाबाच्या गोळीनं ते थांबत नाही, त्याला बहुतेक वेळा स्टिरॉइड लागतं. इंजेक्शन बंद होऊन काही महिने झाले असले तरी हे लक्षात ठेवायचं. आणि प्रतिकारशक्तीची कुठलीही पावडर, काढा, झाडपाला चालू असेल तर तो न लपवता डॉक्टरांपुढं ठेवायचा.